नळीत थुंकी देण्याआधी आजीला विचारा

परभणी जिल्ह्यात सध्या वंशावळ हा शब्द शाळकरी पोरांच्याही तोंडी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांत वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेले गठ्ठे फडताळातून खाली उतरले. २ सप्टेंबर २०२५ ला निझामकाळच्या हैदराबाद गॅझेटिअरच्या आधारे कुणबी दाखले देण्याबद्दलचा शासन निर्णय निघाला, तेव्हापासून तर पणजोबांचे नाव काय, त्यांना भाऊ किती, त्यातला कोण कोणत्या गावी जाऊन राहिला, याची चर्चा जिंतूरच्या बसस्टँडवर ऐकू येते आणि गंगाखेडच्या घाटावरही. आणि आता मोबाईलवर डीएनए चाचणीच्या जाहिराती येऊ लागल्यामुळे लोक विचारतात, थुंकीची नळी पाठवली तर आपली वंशावळ निघेल का? जातीच्या दाखल्याला तो कागद चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात पैसे बुडतात. चालणार नाही. जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी महाराष्ट्रात २००१ पासून एका स्वतंत्र कायद्याने होते आणि तो कायदा कागद मागतो: शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, महसुली कागद, वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कोणाचे वैधता प्रमाणपत्र, आणि वंशावळीचे शपथपत्र. पुरावा ठरावीक तारखेच्या आधीचा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. डीएनएचा अहवाल आज काढलेला असतो आणि त्यात जातीचे नाव नसते. कोणी दलाल दारात येऊन डीएनए रिपोर्टवर दाखला काढून देतो म्हणाला, तर त्याला पाणी पाजून वाटेला लावा, पैसे देऊ नका.

अहवालात जात का नसते, हेही समजून घेतले पाहिजे. निझामकाळातल्या आपल्या राजधानीत, हैदराबादेत, सीसीएमबी ही केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिथल्या लालजी सिंह आणि के. थंगराज यांनी परदेशी शास्त्रज्ञांबरोबर भारतातल्या अनेक समाजांचे नमुने तपासले. २०१३ मध्ये त्यांनी जे मांडले त्याचा सारांश असा: साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातले दोन मोठे प्राचीन लोकसमूह एकमेकांत भरपूर मिसळले, इतके की आज तपासलेल्या जवळजवळ प्रत्येक समाजात दोन्हींचा अंश सापडतो. प्रमाण कमीजास्त, पण अंश दोन्हींचा. त्यानंतर जातीतल्या जातीत लग्ने होत राहिली, म्हणून समाजासमाजांत थोडा फरक दिसतो. पण एका माणसाची थुंकी घेऊन हा अमुक जातीचा असे सांगणारी खूण माणसाच्या शरीरात कुठेच नाही.

मग डीएनए चाचणीने पूर्वज शोधतात ते कसे? याचे गाजलेले उदाहरण स्कॉटलंडचे आहे. तिथे आपल्याकडच्या भावकीसारखी मोठमोठी कुळे आहेत आणि डोनाल्ड हे त्यातले एक थोर कूळ. मूळ पुरुष सॉमरलेड, ११६४ मध्ये लढाईत मारला गेला. त्याच्यापासून खाली आलेल्या शाखांच्या प्रमुखांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी आपले नमुने दिले, मागोमाग जगभर पांगलेल्या मॅकडोनाल्ड आडनावाच्या लोकांनी दिले. शाखाप्रमुखांचे नमुने एकमेकांशी जुळले. साडेआठशे वर्षांची कागदावरची वंशावळ शरीरानेही खरी ठरवली. परंपरा सॉमरलेडला आयरिश राजकुळातला मानत आली होती. चाचणीने त्याच्या पितृकुळाचा माग नॉर्वेकडच्या दर्यावर्दी लोकांकडे नेला. आणि मॅकडोनाल्ड आडनाव लावणाऱ्या कित्येकांचे प्रमुखांशी काहीच जुळले नाही. त्यात नवल नाही. प्रमुखाच्या जमिनीवर कसणारे, त्याच्या पदरी लढणारे लोकही त्याचेच नाव लावत.

हे जमले ते गुणसूत्रांच्या एका गुणामुळे. माणसाला २३ जोड्या, म्हणजे ४६ गुणसूत्रे असतात. त्यातले वाय गुणसूत्र फक्त बापाकडून मुलाला मिळते आणि पिढ्यान्‌पिढ्या फारसे न बदलता खाली येते. आडनावही बापाकडूनच येते, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघता येतात. दुसरी एक गोष्ट, मायटोकाँड्रियाचा डीएनए, आईकडून सगळ्या लेकरांना मिळते, पण पुढे फक्त मुलींच्या वाटेने जाते. बाकीच्या गुणसूत्रांची दर पिढीला सरमिसळ होते: निम्मा वाटा आईचा, निम्मा बापाचा. चार पिढ्या मागच्या खापरपणजोबांचा तुमच्यातला वाटा सरासरी सव्वासहा टक्के. दहा पिढ्या मागे गेलात की पूर्वजांची घरे १,०२४ होतात आणि त्यातल्या कित्येकांचा एक कणही तुमच्यात उरलेला नसतो. सख्ख्या चुलत भावांचा साडेबारा टक्के डीएनए सरासरी सारखा असतो. त्यांच्या मुलांमुलांत तो तीन टक्क्यांच्या आसपास येतो. नातवांच्या पिढीत एक टक्क्याच्या आत, आणि काही जोड्यांत शून्य. म्हणून चुलत-चुलत-चुलत भावाशी चाचणी जुळली नाही तर तो आपल्यातला नाही, असा निवाडा कोणी देऊ नये.

आता हे परभणीला लावून बघा. पहिली अडचण आडनावाची. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी ही वतने होती, कुळे नव्हेत. सेलूकडचे एक पाटील आणि पालमकडचे दुसरे पाटील यांचा मूळ पुरुष एक असण्याचे काहीच कारण नाही. जाधव, पवार, गायकवाड, शिंदे ही आडनावे तर चार-पाच समाजांत आहेत. गावावरून पडलेली आडनावे गाव सोडल्यावर पडली; गावात असताना तीच माणसे वेगळे आडनाव लावत. एकाच आडनावाच्या वीस जणांनी वर्गणी काढून चाचणी करायची ठरवली, तर त्या वीसांतून सातआठ निरनिराळी पितृकुळे निघाली तरी दचकू नका.

दुसरी गोष्ट दत्तकाची. मुलगा नसेल तर दत्तक घ्यायचा, हा आपला जुना रिवाज. कोल्हापूरच्या गादीवर १८८४ मध्ये दत्तक आलेले शाहू महाराज कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. त्यांची वाय चाचणी केली असती तर ती घाटगे कुळाशी जुळली असती, भोसल्यांशी नाही. म्हणून कोणी त्यांना छत्रपतींच्या गादीचे वारस म्हणायचे थांबेल का? रक्ताने कोण आणि घराने कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपल्या समाजाने दुसऱ्याला नेहमी मान दिला आहे. कायदाही तेच सांगतो. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे रीतसर दत्तक गेलेले मूल त्या घरचे पूर्ण मूल असते. उद्या कोणी चाचणीचा कागद नाचवत दत्तक आज्याच्या नातवंडांचा शेतातला हिस्सा नाकारू लागला, तर त्या कागदाला किंमत नाही. दत्तकपत्र मात्र जपून ठेवा.

तिसरी अडचण मराठवाड्यात विशेष आहे. मामाची मुलगी करण्याची चाल इथे खोलवर गेलेली. तीन-चार पिढ्या त्याच दोन-तीन घरांत सोयरिकी होत राहिल्या, की त्या माणसांत सारखा डीएनए वाजवीपेक्षा जास्त असतो. कंपन्यांची गणिते बसवलेली आहेत ती अशी लग्ने क्वचितच होणाऱ्या समाजांवर. त्यामुळे अहवालात दूरचा नातेवाईक चुलत भाऊ म्हणून दिसतो. आपल्या भागातल्या माणसाने असा अहवाल वाचताना नाते एक-दोन पायऱ्या लांबचेच धरावे.

मराठी माणसांच्या बाबतीत डीएनएने खरोखर काही उलगडले असेल तर ते बेने इस्रायलींच्या बाबतीत. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, असे हा समाज पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला. घाण्यावर तेल काढणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, मराठी बोलणारे, नवगावकर, पेझारकर अशी आडनावे लावणारे हे लोक इस्रायलला गेले तेव्हा तिथल्या काही धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली. त्यांना ते फार लागले होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की त्यांच्यात ज्यू अंश नक्की आहे आणि भारतीय अंशही आहे; दोन्हींची सरमिसळ साधारण ६५० ते १,०५० वर्षांपूर्वीची; ज्यू अंश पुरुषांच्या बाजूने जास्त आणि भारतीय अंश बायकांच्या बाजूने जास्त आला. गलबत फुटले की नाही, जोडपी सातच होती का, हे डीएनए सांगू शकत नाही. पण दूरदेशीचे पुरुष आले आणि कोकणातल्या लेकी त्यांच्या घरात गेल्या, एवढे कळले. ज्या समाजाला परक्यांनी हिणवले त्याच्या आज्यांची गोष्ट मुळात खोटी नव्हती. मला या चाचण्यांचा हा उपयोग फार मोलाचा वाटतो.

हा अभ्यास अनेक माणसांच्या नमुन्यांवर, प्रश्न आधी ठरवून, शास्त्रज्ञांनी केला होता, हे मात्र विसरू नका. तुम्ही एकट्याने नळी पाठवलीत तर उत्तरादाखल एक नकाशा येतो: इतके टक्के अमुक प्रदेश, इतके टक्के तमुक. तो नकाशा कंपनीकडे आधी जमा असलेल्या नमुन्यांशी तुलना करून काढतात. मराठवाड्यातले नमुने त्यांच्याकडे थोडेच असणार, म्हणून टक्के मोघम येतात आणि कंपनीने गणित बदलले की तेही बदलतात. त्यात मानवत नसते, सोनपेठ नसते. डीएनए गावाचे नाव कधीच सांगत नाही. मॉरिशसचे मराठी लोक आपले मूळ गाव शोधतात तेव्हा मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या मजुरांच्या नोंदी बघतात. गिरमिटावर गेलेल्या माणसाचा क्रमांक, बापाचे नाव, गाव, सगळे त्या वहीत असते. त्यांना गाव मिळाले ते कागदामुळे.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी माणसे, मग कागद, आणि त्यातूनही एखादा प्रश्न उरला तरच नळी.

माणसांपासून सुरुवात करताना वंशावळ सांगा असे म्हणू नका. म्हातारी माणसे गप्प होतात. सुतकावरून विचारा. कोणाचे दहा दिवसांचे सुतक आपल्याला लागते आणि कोणाचे तीन दिवसांत फिटते? घर फुटले, गाव सुटले, बोलणे बंद झाले तरी सुतक पाळले जाते. ज्या घराचे दहा दिवस धरतात ते पितृकुळातले, याबद्दल आजी चुकत नाही. कधी कधी वीस कोसांवरच्या एखाद्या गावातल्या घराचे सुतक धरतात आणि का धरतात ते कोणालाच आठवत नाही. तिथेच तुमची तुटलेली फांदी असते. मग कुलदैवताचे विचारा: वाटणी झाली तेव्हा टाक कोणाकडे गेले, थोरल्या घरी का धाकट्या, नवरात्रात घट कोणाच्या घरी बसतात. देवक विचारा. पूर्वी आपण कुठून आलो, हे एका वाक्यात सांगायला लावा आणि ते वाक्य जसेच्या तसे उतरवून घ्या, तुम्हाला पटो न पटो. रझाकारांच्या धामधुमीत कोण सरहद्दीपलीकडे गेले आणि कोण परत आले नाही, ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेले कोण तिकडेच राहिले, हेही विचारा. फाटे तिथेच फुटलेले असतात.

पितृपक्षात महाळाला ज्या घरी नावे घेऊन पिंड देतात, त्या घरी नावांचा कागद असतोच. पंचांगात घडी घालून ठेवलेला, हळदीकुंकवाची बोटे उमटलेला. बाप, आजा, पणजा; आई, आजी, पणजी; आणि आईकडचे आजोबा, त्यांचे वडील, त्यांचेही वडील. तीन पिढ्यांची दोन्हीकडची वंशावळ त्या एका चिठोऱ्यावर असते. दरवर्षी भटजी वाचतात आणि कागद परत पंचांगात जातो. त्याचा फोटो काढा.

भाट येत असतील तर त्यांना चार घास जास्त वाढा आणि ते म्हणतात ते ध्वनिमुद्रित करा. बंजारा तांड्यांवर हे काम ढाडी करतात. जिंतूरकडच्या तांड्यांतल्या शिकलेल्या पोरांनी त्यांच्याकडून आपापल्या गोताची मांडणी लिहून घ्यावी, कारण ती गाणारी माणसे कमी होत चालली आहेत. मुसलमान घरांत शजरा असेल तर तो कोणाच्या पेटीत आहे याची विचारपूस करा. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, पंढरपूर इथल्या क्षेत्रोपाध्यांकडे गाववार आणि आडनाववार नामावळी आहेत. तुमचा खापरपणजा अस्थी घेऊन किंवा यात्रेला तिथे गेला असेल, तर त्याने आपल्या बापाचे, भावांचे, मुलांचे नाव लिहवले असण्याचा चांगला संभव आहे. जाताना गावाचे जुने नाव आणि जुना तालुका माहीत करून जा. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला आपल्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या नोंदींत औंढा, वसमत, कळमनुरी परभणीतच सापडतील.

आता कागद. तहसीलच्या अभिलेख कक्षात १९५४-५५ चे खासरा पत्रक मागा. त्यात सर्व्हे नंबरासमोर कसणाऱ्याचे आणि मालकाचे नाव असते, आणि आपल्यापैकी बहुतेकांची कागदी वंशावळ तिथून आधार धरते. तिथून पुढे फेरफार बघत या. बाप मेला की वारसांच्या फेरफारात सगळ्या मुलांची नावे एका ओळीत येतात, सातबाऱ्यावरून नंतर उडालेलीही. मागे जायचे तर निझामकाळातले कागद फारसीत, उर्दूत आणि मोडीत आहेत. त्यावरचे साल बघून घाबरू नका. तो फसली सन. त्यात ५९० मिळवा. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८, फसली १३२० म्हणजे १९१०-११. महिन्यांची नावे आजूर, दै, बहमन अशी असतील. वर्ष ऑक्टोबरात सुरू होते. उर्दू वाचणारे शिक्षक परभणीत, पाथरीत पुष्कळ आहेत, त्यांना आदराने विनंती करा आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. मोडी अजून वाचता येणारे थोडे उरलेत. तरुण पोरांनी ती लिपी शिकावी. काही आठवड्यांच्या सरावाने अक्षर लागू लागते.

हैदराबाद गॅझेटिअरमध्ये माझ्या पणजोबांचे नाव आहे का, असे बरेच जण विचारतात. गॅझेटिअरमध्ये आणि जुन्या जनगणनेच्या अहवालांत कोणत्या समाजाचे किती लोक, याचे आकडे आहेत. घरोघरच्या माणसांची नावे नाहीत. नाव हवे तर गावचे कागद धुंडाळावे लागतात, त्याला दुसरा रस्ता नाही.

आणि एक कळकळीची विनंती. सरकारी वंशावळीत फक्त पुरुष लिहितात. एका बापाला चार मुलगे, चार रेघा, लेकी गायब. वाण्याच्या वहीत गुऱ्हाळाच्या कढईची नोंद सापडते, पण ज्या बाईने बारा बाळंतपणे काढली तिचे नाव घरच्या वंशावळीत नाही. आपल्याकडे लग्नात नवरीचे आडनाव बदलते आणि पुष्कळ घरांत पाळण्यातले नावही बदलले जायचे. माहेरी जिला गोदा म्हणत ती सासरी लक्ष्मीबाई झाली. शाळेच्या नोंदीत एक नाव, सातबाऱ्यावर दुसरे, मृत्यूच्या नोंदीत अमक्याची बायको. ही दोन्ही नावे एकाच बाईची, हे ज्या माणसाला ठाऊक आहे ते ऐंशीच्या पुढचे आहे. ते गेले की जगातली कोणतीही प्रयोगशाळा ती दोन नावे जोडू शकणार नाही. म्हणून प्रत्येक बाईसमोर चार गोष्टी लिहा: माहेरचे नाव, सासरचे नाव, माहेरचे गाव, तिच्या आईचे नाव. सरकारी नमुन्यात जागा नसेल तर घरच्या वहीत लिहा. डीएनए तरी आईची वाट सोडत नाही; आपण कागदावर ती का सोडावी?

एवढे झाल्यावर नळीची गरज पडते ती थोड्यांना. दोन गावांतल्या एकाच आडनावाच्या दोन भावक्या आपण एका मूळ पुरुषाचे म्हणतात आणि मधली दोन नावे सापडत नाहीत, अशा वेळी वाय चाचणी कामाची. दोन्हीकडून एकेक नव्हे, दोन-दोन पुरुष द्या, म्हणजे मधे कुठे दत्तक असेल तर तेही ध्यानात येईल. बाईची वाय चाचणी होत नाही. तिच्या वतीने भाऊ, बाप किंवा चुलता. कमी खुणांची (मार्करची) स्वस्त चाचणी घेऊ नका. १२ खुणा जुळल्या तरी मूळ पुरुष हजार वर्षांपलीकडचा असू शकतो. निदान ३७, जमल्यास १११ खुणांची घ्या. नमुना देण्याआधी अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही, आणि तंबाखू-सुपारी तर मुळीच नाही. घरातले सर्वांत वयस्कर माणूस निवडा, कारण ते एक-दोन पिढ्या मूळ पुरुषाच्या जवळ असते.

दुसरी गरज खरी आणि मोठी. महाराष्ट्रातल्या अनाथालयांतून परदेशी दत्तक गेलेली मुले आता चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि जन्मदात्या आईचा शोध घेत इथे येतात. त्यांच्याकडे ना गाव, ना आडनाव. पुष्कळदा कागदही अर्धेच. त्यांच्यासाठी ही चाचणी शेवटचा धागा आहे. असे कोणी तुमच्या गावात चौकशी करत आले तर दार लावू नका, आणि ज्या बाईचा शोध चालला आहे तिचे नाव पारावर घेऊ नका. तिला एकटीला, तिच्या सोयीने विचारू द्या. तिने नको म्हटले तर तिथेच थांबा.

तिसरी आरोग्याची, पण तिची चाचणी वेगळी असते आणि ती डॉक्टरच्या सल्ल्यानेच करायची. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य म्हणजे कोमटी समाजात एका एन्झाइमची कमतरता इतरांपेक्षा सुमारे शंभरपट आढळते. अशा माणसाला शस्त्रक्रियेत स्नायू सैल करण्याचे एक नेहमीचे औषध दिले तर श्वास बराच वेळ परत येत नाही. आपल्या जिल्ह्यात या समाजाची घरे आहेत. त्यांनी ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर ही गोष्ट घालावी. आणि नात्यात लग्न ठरवणाऱ्यांनी, समाज कोणताही असो, दोघांची थॅलेसेमिया आणि सिकलसेलची रक्ततपासणी पत्रिकेआधी करावी.

नळी पाठवणार असाल तर घरच्यांना विचारल्याशिवाय पाठवू नका. डीएनए तुमचा एकट्याचा नसतो. भाऊ, बहीण, लेकरे, सगळ्यांची माहिती त्यात जाते. अमेरिकेत २०१८ मध्ये पोलिसांनी चाळीस वर्षे मोकाट असलेल्या खुन्याला पकडले ते त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी हौसेने दिलेल्या डीएनएवरून. खुनी सापडला हे चांगलेच झाले, पण एकाने दिलेल्या नमुन्यातून दुसरा ओळखता येतो हे त्यातून कळते. तिथल्या ट्वेंटीथ्रीअँडमी या नावाजलेल्या कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे डीएनए तंत्रज्ञानाचे विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आले आणि जुलै २०२३ मध्ये मागे घेतले गेले. तेव्हा कंपनी निवडताना तीन गोष्टी लेखी बघा: नमुना किती दिवस ठेवतात, दुसऱ्याला देतात का, आणि सांगितल्यावर नष्ट करतात का. खऱ्या नावाऐवजी टोपणनाव चालत असेल तर तेच द्या.

आणि अहवाल न जुळण्याची तयारी ठेवा. घरात कोणाचे काही गुपित असेल तर ते बाहेर येईल. कायदाही इथे जपून पाऊल टाकतो: लग्न टिकून असताना जन्मलेले मूल त्या नवरा-बायकोचेच धरले जाते, आणि न्यायालये सहजासहजी डीएनए चाचणीचा हुकूम देत नाहीत. न्यायालय इतके थांबून विचार करते, तर हौसेपोटी पाठवलेल्या नळीवरून कोणाच्या आजीवर बोट उगारायचा हक्क कोणालाच नाही. असा निकाल आला तर तो भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ज्याचा त्याला सांगा आणि तिथेच ठेवा.

येत्या पितृपक्षात किंवा दिवाळीत लेकी माहेरी आल्या की एक शंभर पानी वही घ्या. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ दुपारी, जेवणे झाल्यावर बसा, मोबाईलवर आवाज टेपायला लावा आणि सुतकापासून सुरुवात करा. लेकी-सुनांसह सगळी नावे लिहा, खाली तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव घाला, आणि त्या पानांची एकेक प्रत भावकीतल्या प्रत्येक घरी द्या, ज्यांच्याशी बांधावरून बोलणे बंद आहे त्यांनाही.